उसवायच्या आधी एक दोरा ओवा

लोकरीचं विणकाम करताना दहा ओळी खाली चूक दिसली की सुई खसकन ओढून काढावीशी वाटते. थांबा. एकच टाका उलटसुलट झाला असेल तर तेवढाच सुईवरून चुकीपर्यंत खाली सोडायचा आणि क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणायचा. बाकी विणीला हात लावायचा नाही.

चूक मोठी असेल तर तिच्या खालची एक बिनचूक ओळ शोधा. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा घेऊन त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून (टाका V सारखा दिसतो, त्याच्या उजव्या बाजूतून) ओवा. मग बिनधास्त उसवा, लोकर दोऱ्यापाशी येऊन थांबते. टाके परत उचलायला बारीक सुई घ्या, विणायला मात्र मूळचीच. (केसाळ मोहेर लोकर असेल तर घाई नको, ती हट्टी असते.)

बरंच उसवलं असेल तर ती कुरळी लोकर तशीच विणू नका, टाके लहानमोठे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून टांगून ठेवा.