कुंद्याचा डबा, लग्नपत्रिका आणि दहावीची उजळणी

संक्रांत झाली की आमच्या दहावीच्या वर्गातून एक ठरावीक आवाज यायला लागतो. पस्तीस-चाळीस मुलं पुढ्यात पुस्तक उघडं ठेवून पुटपुटत बसलेली. लांबून ऐकलं तर भजनी मंडळ बसलंय असं वाटावं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मला हा आवाज फार गोड वाटायचा. आता तो कानावर पडला की मी वर्गात जाते आणि म्हणते, "पुस्तकं मिटा."

मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये समाज विज्ञान शिकवते. विज्ञानाची जागा रिकामी असेल त्या वर्षी तेही माझ्याच गळ्यात. मुलं जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांतून येतात. एक बस चुकली की पहिले दोन तास बुडाले. शिकवणीला बेळगावला जाणं परवडत नाही आणि वेळही नसतो. त्यात एखाद्या गावाची लक्ष्मी यात्रा नेमकी त्याच दिवसांत आली तर आठवडाभर वर्गात निम्मीच डोकी. एस.एस.एल.सी.ची, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीची, प्रश्नपत्रिका मात्र शहरातल्या मुलाला आणि यांना सारखीच. म्हणून शेवटच्या आठ आठवड्यांत जे खरंच उपयोगी पडतं तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी कोरा कागद. काल शिकवलेला किंवा वाचलेला धडा घ्यायचा, पुस्तक मिटायचं आणि सात-आठ मिनिटं जे आठवेल ते लिहायचं. क्रम, शुद्धलेखन, अक्षर, काही बघायचं नाही. पहिल्या दिवशी मुलं रडकुंडीला येतात. "बाई, कायच आठवंना झालंय." येऊ देत. वेळ संपली की पुस्तक उघडायचं आणि जे राहिलं ते लाल पेनानं त्याच कागदावर भरायचं. कागदावरचं लाल तेवढाच त्या दिवसाचा अभ्यास. निळं पुन्हा वाचायची गरज नाही, पण मुलांना निळंच वाचायला आवडतं, कारण ते येतं.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की निरर्थक अक्षरांचं पाठांतर एका दिवसात दोन तृतीयांशाच्या आसपास पुसलं जातं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे गट करून पाहिले. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवडाभरानं मात्र पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. पाच मिनिटांनंतर येतं म्हणूनच मुलं फसतात, आणि पालकही. "रात्री सगळं म्हणून दाखवलं हो त्यानं!" दाखवलं असणार, यात खोटं काही नाही.

दुसरी गोष्ट डबा. कुंदा या बेळगावच्या मिठाईचा पुठ्ठ्याचा रिकामा डबा कुणाच्या ना कुणाच्या घरी असतोच. त्यात पुठ्ठ्याचे दोन पडदे लावून तीन कप्पे करायचे. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका: कागद जाड, एक बाजू बऱ्याचदा कोरी, आणि आमच्याकडे त्यांचा तुटवडा कधीच नसतो. पत्रिकेचे चार तुकडे केले की चार कार्डं. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, तेही एका ओळीत. छापील बाजू आड येत असेल तर उत्तर पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या दुसऱ्या तुकड्यावर लिहायचं.

सगळी कार्डं आधी पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यातून एकदा. लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७० च्या दशकात ही पद्धत लोकांपुढे आणली. मुलं तिला सापशिडी म्हणतात आणि ते नाव मला जास्त पटतं. वर्गात एकच नियम कडक ठेवायचा: उत्तर मोठ्यानं बोलायचं किंवा लिहायचं, मगच कार्ड उलटायचं. "माहीत होतं मला" हे ग्राह्य नाही. आणि रोज नवीन कार्डं दहाच्या वर नकोत. एका हुशार मुलीनं एका रविवारात दीडशे केली होती. तो डबा नंतर तिच्या धाकट्या भावानं गोट्यांसाठी घेतला.

आता युक्त्या. यात मला स्वतःलाच जास्त मजा येते, म्हणून जरा सैल सुटते.

आपल्याकडे हे नवीन नाही. माझे आजोबा औटकीपर्यंत पाढे म्हणायचे; साडेतीनची पटच, पण गाण्यासारखी. मराठीच्या तासाला गण शिकवताना आम्ही अजून 'यमाताराजभानसलगा' म्हणतो. दहा अक्षरांत आठही गण बसवलेत. य गण हवा असेल तर य पासून तीन अक्षरं घ्या, यमाता: लघु, गुरु, गुरु. र गण हवा, तर राजभा: गुरु, लघु, गुरु. शेवटचे ल आणि गा म्हणजे लघु आणि गुरु. ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला माझा नमस्कार. माझा मुद्दा असा की चांगली युक्ती अशी असते: छोटी, आणि तिच्यातूनच उत्तर काढता येणारी.

विज्ञानात धातूंची क्रियाशीलता श्रेणी क्रमानं यावी लागते. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, शिसे, हायड्रोजन, तांबे, पारा, चांदी, सोने. आमच्या वर्गाचं वाक्य: "पोर सोडून काकी माहेरी आली, जवळ लोटा-शिंकं, हातात तांब्या, पायात चांदी, सोनं गळ्यात." काकीवर वर्ग हसला आणि ते वाक्य पक्कं बसलं. यातला 'हात' महत्त्वाचा. हायड्रोजन धातू नाही, पण तो सीमेवर उभा आहे: हाताच्या अलीकडचे धातू विरल आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात, पलीकडचे काढत नाहीत. सीमेवर कोण उभं आहे आणि कोण कुठल्या बाजूला, हे आमच्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण काकीच्या आधी मी खिळा दाखवते. शेतीच्या दुकानातून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणायचं, पाण्यात विरघळवायचं, त्यात घासलेला लोखंडी खिळा टाकायचा. थोड्या वेळानं खिळ्यावर तांबडा थर चढतो आणि निळा रंग फिका होत जातो. मोरचूद विषारी, हात धुवायला लावा. हे न दाखवता नुसतं वाक्य दिलं त्या वर्षी एका मुलीनं पूर्वपरीक्षेत उत्तर म्हणून अख्खी काकी लिहून ठेवली होती, माहेरासकट. अक्षर सुंदर होतं.

इतिहासासाठी गावचा रस्ता. ओळखीच्या वाटेवर ठरलेल्या जागी एकेक चित्र ठेवायचं आणि मनात चालत जायचं. युक्ती प्राचीन ग्रीकांची, पण वाट ज्यानं त्यानं आपल्याच गावची घ्यायची. म्हैसूरच्या चार युद्धांसाठी एका मुलानं रचलेली वाट अशी: वेशीपाशी हैदर अली मद्रासी इडलीवाल्याशी हुज्जत घालतोय, म्हणजे पहिलं युद्ध आणि १७६९ चा मद्रासचा तह. पुढे मंगळुरी कौलांचं घर. कौलांवर टिपू बसलाय आणि खाली हैदरची तिरडी, कारण दुसऱ्या युद्धात १७८२ ला हैदर वारला आणि १७८४ ला टिपूनं मंगळूरचा तह केला. मग विठ्ठलाच्या देवळाचा कट्टा. त्याच्यावर दोन मुलं ओलीस बसलीत आणि कॉर्नवॉलिस अर्धा कट्टा खडूनं आखून घेतोय: १७९२, श्रीरंगपट्टणचा तह, अर्धं राज्य, दोन मुलगे ओलीस आणि तीन कोटी तीस लाखांची खंडणी. शेवटी शाळेचं फाटक. तिथं टिपू पडला, १७९९. खरा टिपूही श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यात दरवाज्याजवळच पडला होता, त्यामुळे हे चित्र फुकटात मिळालं.

सनावळीसाठी फक्त १७६९ पाठ करा. त्यात १५ मिळवा, मग ८, मग ७. आणि ८ आणि ७ मिळून पुन्हा १५. हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करतात.

नकाशातल्या बंदरांना वरून सुरुवात करू नका. घाटाखालच्या मार्मगोव्यापासून करा. निम्म्या मुलांचे काका-मामा गोव्यात कामाला आहेत. तिथून वर मुंबई, कांडला. खाली मंगळूर, कोची. कोरे नकाशे स्टेशनरीच्या दुकानात गठ्ठ्यानं मिळतात, आणा आणि वाटा. वरांड्यात खडूनं मोठा नकाशा काढून मुलांना बंदर म्हणून उभं केलं तर अजून छान, फक्त मुख्याध्यापकांना आधी सांगा.

कन्नडसाठी माझी पद्धत कन्नडच्या बाईंनाही पटली. मुलं भाषेला घाबरतात, पण तिचे शब्द रोज खातात. तुप्प म्हणजे तूप. उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. दोन्ही जोडले की आपलं उप्पीट. फसवे शब्द वेगळ्या रंगाच्या कार्डावर लिहायचे. 'मळे' म्हणजे कन्नडमध्ये पाऊस, म्हणून "मळ्यांवर मळे पडला" हे वाक्य. बेकु (पाहिजे), बेड (नको) आणि साकु (पुरे) मुलं बसमध्येच शिकून येतात.

तयार साहित्याचं काय? भरपूर आहे, आणि तिथेच माझी एकदा चांगली फजिती झाली. पलीकडच्या महाराष्ट्रातलं मराठी साहित्य नेटवर मुबलक मिळतं, छपाई स्वच्छ, भाषा सुंदर. एका वर्षी मी इतिहासाचा असा एक प्रश्नसंच झेरॉक्स करून दोन आठवडे राबवला. नंतर एका मुलानं विचारलं, "बाई, हे आमच्या पुस्तकात कुठं हाय?" बरंचसं नव्हतंच. आमचा अभ्यासक्रम कर्नाटकाचा. भाषा एक असली तरी धडे वेगळे. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावरचं मराठी माध्यमाचं पुस्तक, मग परीक्षा मंडळाच्या नमुना आणि जुन्या प्रश्नपत्रिका, आणि मगच पलीकडचं. तेही आकृत्या, प्रयोगांचे व्हिडिओ आणि व्याकरणाच्या सरावासाठी. संज्ञा वेगळी निघाली तर आपल्या पुस्तकातली धरायची. व्हिडिओ किंवा क्यूआर कोड वर्गात लावण्याआधी स्वतः उघडून बघा, कुठल्या भाषेत बोलतो ते. आणि रेंजचा भरवसा नसेल तर बेळगावहून येतानाच उतरवून आणा.

नमुना प्रश्नपत्रिका अख्खी सोडवायला देण्याची घाई करू नका. जानेवारीत मी ती कात्रीनं कापते. एकेका प्रश्नाची पट्टी, सगळ्या पट्ट्या एका पिशवीत, तासाच्या सुरुवातीला प्रत्येकानं एक काढायची. धडे मिसळलेले येतात, त्यामुळे हा प्रश्न कुठल्या धड्यातला हेच आधी ओळखावं लागतं, आणि परीक्षेत नेमकं तेच अडतं. अख्खी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून फेब्रुवारीच्या अखेरीपासून.

पासिंग पॅकेजबद्दल, म्हणजे पास होण्यापुरत्या निवडक प्रश्नोत्तरांच्या संचाबद्दल, मला विचारतात. व्हॉट्सअॅपवर फिरतात ती बरीचशी कन्नडमध्ये असतात. मराठीत आलेलं तपासूनच वापरा. जो मुलगा अजून वाचतानाच अडखळतो त्याला ते द्या, निःसंकोच द्या. पण एकदा वर्गात वाटलं की साठ गुणांचं मूलही त्याच्यावरच झोपतं. मी दोघा-तिघांना मधल्या सुट्टीत बोलावून देते. २०२४ पासून वर्षात एकाहून जास्त परीक्षा होऊ लागल्यावर काही पालक जरा निवांत झालेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, डब्यातला पहिला कप्पा उघडून दाखवते.

शेवटच्या आठवड्यात नवीन कार्ड नाही, नवीन युक्ती नाही. रात्री दहाला डबा बंद. पेपरच्या सकाळी केंद्रावर जाणाऱ्या बसमध्ये फक्त पहिल्या कप्प्यातली कार्डं, तीही वीसच्या आत.

निकालानंतर मुलं डबे मला आणून देतात, पुढच्या वर्गाला द्या म्हणून. एका वर्षी मी दिले. नव्या मुलांनी कार्डं जपून ठेवली, एकमेकांना दाखवली, आणि आठवलं कुणालाच काही नाही. ज्यानं कार्ड लिहिलं त्याची निम्मी उजळणी लिहितानाच झाली होती. आता मी डबे ठेवून घेते, कार्डं रद्दीत घालते आणि जूनमध्ये रिकामे डबे वाटते. सोबत मे महिन्यातल्या लग्नांच्या पत्रिका.