जुळ्यांचं जन्मवजन आणि इसब: या अभ्यासात उतरणाऱ्यांसाठी

स्वीडनमधल्या जुळ्यांच्या नोंदींवर काम करायला निघालेले विद्यार्थी मला हमखास विचारतात, आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू? माझं उत्तर ठरलेलं आहे. सॉफ्टवेअर तिथे जाऊन येतंच, आधी जोडी समजून घ्या.

कमी वजनाचं बाळ पुष्कळदा दिवस भरण्याआधी जन्मलेलं असतं. त्यात आईचं धूम्रपान, घरची परिस्थिती, आईबापांकडून आलेली जनुकं, सगळं गुंतलेलं. एकेकट्या बाळांच्या आकड्यांत हा गुंता सुटता सुटत नाही. जुळ्यांत आई एकच, गर्भारपणाचे आठवडे तेच, घरही तेच. तरी एक दोन किलोचं आणि दुसरं अडीच किलोचं जन्मतं. मग हा फरक अपुऱ्या दिवसांच्या माथी मारता येत नाही, तो पोटातल्या वाढीचा असतो. एकसारख्या जुळ्यांत तर जनुकंही जवळपास तीच. फिलाग्रिन या त्वचेतल्या प्रथिनाच्या जनुकातला दोष इसबाचा धोका वाढवतो, हे २००६ मध्ये कळलं. तो दोषही अशा दोघांत सारखाच असतो.

स्वीडिश जुळ्यांवरच्या २०१० च्या अभ्यासात निघालं ते अनेकांना उलटं वाटतं. पोटात वाढ खुंटलेल्या बाळांना इसब कमी, वजनदार बाळांना जास्त. दम्याचं मात्र तिथल्याच जुळ्यांत याच्या विरुद्ध दिसलं होतं. मला हा विषय सोडवत नाही तो या विसंगतीमुळे. 'ॲलर्जीचे आजार' असा एकच गठ्ठा बांधला की ती दिसेनाशी होते.

विश्लेषणात एक गोष्ट नवख्यांना धक्का देते. दोघांनाही इसब आहे किंवा दोघांनाही नाही, अशा जोड्या जोडीअंतर्गत तुलनेत काहीच सांगत नाहीत. एकाला आहे, दुसऱ्याला नाही, अशाच जोड्या कामाच्या. म्हणून हजारो जोड्या हाताशी असूनही उत्तराचा पल्ला रुंद येतो, म्हणजे खरा आकडा नेमका कुठे आहे ते ढोबळच कळतं. मुलगा-मुलगी अशी जोडी असेल तर लिंगही हिशेबात घ्या, कारण मुलगे सरासरीने थोडे जड जन्मतात.

वजनाची काळजी फारशी नसते. स्वीडनची जन्मनोंदवही १९७३ पासूनची आहे आणि चांगली आहे. खरी कसोटी इसबाची. मूल नऊ किंवा बारा वर्षांचं असताना आईबापांना विचारून मिळालेली ती माहिती असते. ‘कधी इसब झालं होतं का?’ आणि ‘कोपराच्या, गुडघ्यामागच्या घडीत सहा महिने येऊन-जाऊन खाजणारी पुरळ होती का?’ हे दोन प्रश्न वेगवेगळी मुलं पकडतात. पुढे असं काम महाराष्ट्रात करायचं मनात असेल, तर लालसर पुरळीवर विसंबू नका. सावळ्या त्वचेवर ती करडी किंवा जांभळट दिसते, शिवाय खरूज आणि नायट्याशी गल्लत होते. खाज, जागा आणि किती दिवस, हे विचारा.

या नोंदींसाठी अर्ज करण्याआधी मूळ प्रश्नावली मागवून घ्या. स्वीडिश येत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवून ती ओळीओळीने वाचा.