रावेरच्या केळीपट्टीत ९१ रुपयांचा घोळ: फील्ड फॉरमॅट करताना या चुका टाळा

रावेर-सावद्याकडच्या केळी खरेदीसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करताना फॉरमॅटर, म्हणजे आकडा-तारीख-नाव रकान्यात कसं दिसावं हे ठरवणारा कोड, सगळ्यात शेवटी, घाईत लिहिला जातो. तक्रारी मात्र तिथूनच सुरू होतात.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे दाखवलेला आकडाच परत साठवणं. काट्यावर वजन ७८४५ किलो, म्हणजे ७८.४५ क्विंटल. भाव क्विंटलला १८३५ रुपये धरला तर रक्कम १,४३,९५५.७५ होते. पण रकान्यात जागा कमी म्हणून फॉरमॅटरने ७८.५ दाखवलं आणि फॉर्म सेव्ह होताना तेच डेटाबेसमध्ये गेलं, तर बिल १,४४,०४७.५० चं निघतं. एका गाडीमागे ९१ रुपये ७५ पैसे जास्त, आणि काटापावतीशी मेळ बसत नाही तो नाहीच. म्हणून फील्डमागे, म्हणजे फॉर्ममधल्या रकान्यामागे, मूळ आकडा वेगळा ठेवा. फॉरमॅटरने तो फक्त वाचायचा. वजन किलोत, पूर्णांकात साठवा. भाव पूर्ण रुपयांत असेल तर किलो गुणिले क्विंटलचा भाव केला की उत्तर थेट पैशांत येतं, दशांशाची कटकटच राहत नाही.

दुसरा घोळ स्वल्पविरामाचा. मजकुरातून आकडा काढणारं जावास्क्रिप्टचं पार्स-फ्लोट ‘१,४३,९५५’ (इंग्रजी अंकांत) वाचताना पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतं आणि १ परत देतं. एररही येत नाही, दीड लाखाच्या जवळपासची पट्टी (खरेदीचं बिल) गुपचूप एक रुपयाची होते! आधी स्वल्पविराम काढा, मग वाचा. देवनागरी अंक टाईप होत असतील तर त्यांचंही इंग्रजीत रूपांतर करा: युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, म्हणून प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो.

लाख-कोटींचे गट स्वतः पाडत बसू नका. ब्राउझरच्या नंबर-फॉरमॅटला ‘एन-आयएन’ लोकेल (भाषा आणि देशाचा संकेत) द्या. ‘एमआर-आयएन’ दिलं तर अंक देवनागरीत दिसतात. मात्र टाईप करता करता फॉरमॅट केलं तर कर्सर उडी मारून शेवटी जातो आणि मधला अंक दुरुस्त करणारा माणूस वैतागतो. फील्ड सोडल्यावरच फॉरमॅट करा, पुन्हा आत आल्यावर साधा आकडा दाखवा.

तारीख एक दिवस मागे पडते? नुसत्या तारखेला मध्यरात्रीची वेळ जोडली जाते, आणि भारतातली ३ एप्रिलची मध्यरात्र (००:००) म्हणजे यूटीसीत, जागतिक प्रमाणवेळेत, २ एप्रिलची संध्याकाळ, १८:३०. खरेदीच्या तारखेला वेळ जोडूच नका; वर्ष-महिना-दिवस असा मजकूर ठेवा.

रिकामं वजन ‘०’ दाखवू नका. काटा व्हायचाय आणि काटा शून्य आला, या दोन वेगळ्या गोष्टी. रिकाम्याला ‘—’ पुरे.

शेतकऱ्याचं नाव अक्षरं मोजून कापलं की ‘ज्ञानेश्वर’चं आठव्या खुणेवर (संगणक व्यंजन, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजतो) ‘ज्ञानेश्’ होतं, पाय मोडलेलं. नाव पूर्ण पाठवा, लांबलं तर टिंबं द्यायचं काम सीएसएसवर (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडवर) सोडा. छपाईच्या पट्टीवर मात्र दोन ओळींची जागा ठेवा, तिथे टिंबं चालत नाहीत.