आधी समोरच्याची खेळी खेळा

बुद्धिबळात हरलेल्या डावांची मी वेगळी वही ठेवते. तिच्यात एक खेळी सारखी सापडते: माझ्याकडे काळी मोहरी, कॅसलिंग (राजा कोपऱ्याकडे नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणणं) झालेलं, पांढरा उंट आणि वजीर माझ्या राजाकडे वळलेले, आणि मी घाबरून प्यादं एच६ वर (एच या उभ्या रांगेतल्या सहाव्या घरात) ढकललेलं. मग तो उंट देऊन तेच प्यादं मारतो, माझं जी-प्यादं उंट खातं आणि राजा उघडा पडतो. प्याद्याला मागे येता येत नाही, त्यामुळे राजासमोरची तीन प्यादी हलवण्याआधी धमकी खरी आहे का ते तपासा.

तपासायचं असं: समोरच्याची खेळी झाली की मोहऱ्याला हात लावू नका. आपली पाळी मनातल्या मनात सोडून द्या आणि त्याच्या बाजूने लगेच दुसरी खेळी खेळून बघा. आपलं काहीच बिघडत नसेल तर बचाव कशाला? आपला बेत पुढे न्या. बिघडत असेल तर अडवणं, हल्लेखोर मोहरा मारणं, मोहऱ्यांची अदलाबदल, सगळं बघा. हल्ला होत असेल तर मी आधी वजिरावजिरी होते का ते पाहते.

कधी काही देऊनच सुटका होते, आणि ते जगज्जेता झालेल्या पेट्रोस्यानकडून शिकावं. झुरिच, १९५३, अमेरिकेच्या रेशेव्स्कीविरुद्धचा डाव, पेट्रोस्यानकडे काळी मोहरी. पांढऱ्याची मधली प्यादी पुढे सरकायच्या बेतात होती. पेट्रोस्यानने ई७ वरचा हत्ती ई६ वर, चक्क पांढऱ्याच्या उंटाच्या तोंडी नेला! ई७ मोकळं झालं आणि सी६ वरचा घोडा तिथून डी५ वर जाऊन बसला. प्यादी तिथेच थोपली आणि डाव बरोबरीत सुटला. हा डाव पट मांडून, स्वतःच्या हाताने खेळून बघा. स्क्रीनवर तो झरकन निघून जातो.

रोजच्या सरावाला फिलिडोरची स्थिती घ्या: डावाच्या शेवटी एका प्याद्याने मागे असलेल्या काळ्याने बरोबरी कशी राखायची, ते ती शिकवते. काळा राजा ई८ वर, हत्ती ए६ वर. पांढऱ्याकडे हत्ती, डी५ वर राजा आणि ई५ वर प्यादं. काळ्याने हत्ती सहाव्या ओळीतच खेळवत ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं ई६ वर आलं की हत्ती थेट पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. पांढऱ्या राजाला लपायला आता त्या प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो. जोडीदाराबरोबर बाजू बदलून खेळा, आणि पांढऱ्याकडून खेळताना जिंकायचा मनापासून प्रयत्न करा.