शरीराशी निगडित इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचार कसे शिकावेत

नोज, इअर, हँड, लेग ही नावं आपण इंग्रजीच्या सुरुवातीलाच पाठ करतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतो. मग नडगी ठणकतेय किंवा समोरच्याने मान डोलावली, हे सांगायची वेळ आली की शब्द सापडत नाही. यावर आणखी लांब यादी घोकणं हा उपाय मला पटत नाही. मराठी आणि इंग्रजी शरीराची वाटणी वेगवेगळी करतात. जिथे ही वाटणी जुळत नाही, तिथून सुरुवात करावी.

पायरी १: न जुळणाऱ्या जागा शोधा

एका कागदावर माणसाची साधी आकृती काढा आणि आधी मराठी नावं लिहा. मग इंग्रजी नावं लिहिताना फरक दिसू लागतील. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत असतो. इंग्रजीत मनगटापर्यंत ‘आर्म’ आणि पुढे ‘हँड’. म्हणून हाताची घडी ‘आर्म्स’ची होते, ‘हँड्स’ची नाही. पायाचंही तसंच: घोट्यापर्यंत ‘लेग’, खाली ‘फूट’. हाताचं बोट ‘फिंगर’, पायाचं ‘टो’. हाताचा अंगठा ‘थम’, पायाचा ‘बिग टो’. पापणी मिटते तेव्हा ती ‘आयलिड’, पण तिचा केस गळला तर तो ‘आयलॅश’. नडगी म्हणजे ‘शिन’, पोटरी म्हणजे ‘काफ’, तळहात ‘पाम’ आणि तळपाय ‘सोल’. दंडाला मात्र रोजच्या इंग्रजीत सुटसुटीत एक शब्द नाही, ‘अपर आर्म’ म्हणावं लागतं.

पायरी २: उच्चार आणि अनेकवचन

‘नी’ आणि ‘नकल’मधला के, ‘रिस्ट’मधला डब्ल्यू, ‘थम’मधला बी, ‘काफ’ आणि ‘पाम’मधला एल, ‘मसल’मधला सी ही अक्षरं लिहायची, पण उच्चारायची नाहीत. फूटचं फीट, टूथचं टीथ, काफचं काव्ह्ज.

पायरी ३: शब्द वाक्यात बसवा

मराठीत ‘हात धुतले’ एवढं पुरतं. इंग्रजीत हात कोणाचे तेही सांगावं लागतं: ‘आय वॉश्ड माय हँड्स’. हालचालींचे शब्दही आत्ताच शिकून घ्या. होकारार्थी मान हलवणं म्हणजे ‘नॉड’. त्यात मानेचा उल्लेख लागत नाही. नकारार्थी असेल तर ‘शेक युवर हेड’, म्हणजे मानेऐवजी डोकं. खांदे उडवणं म्हणजे ‘श्रग’.

पायरी ४: वाक्प्रचारांचे तीन ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या ढिगात जुळणारे वाक्प्रचार येतात. ‘गो ओव्हर माय हेड’ म्हणजे डोक्यावरून जाणं, ‘माय हँड्स आर टाइड’ म्हणजे माझे हात बांधलेले आहेत. यांना फारसे कष्ट पडत नाहीत.

दुसऱ्यात अर्थ तोच, अवयव वेगळा. आपण तोंडपाठ करतो, इंग्रजीत ‘बाय हार्ट’. नाव आपल्या ओठांवर येऊन अडतं, त्यांच्या ‘टिप ऑफ द टंग’वर. या जोड्या शेजारी शेजारी लिहिल्या की पटकन लक्षात राहतात.

तिसरा ढीग धोक्याचा: शब्द ओळखीचे, अर्थ भलताच. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणं. आपण मात्र पाय ओढतो ते दुसऱ्याने पुढे जाऊ नये म्हणून. आपण जीभ चावतो ती नको ते बोलून गेल्यावर. ‘बाइट युवर टंग’ मात्र बोलण्याआधीच स्वतःला आवरण्यासाठी आहे. उलट दिशेनेही घोटाळा होतो. ‘डोकं खाऊ नकोस’ शब्दशः इंग्रजीत आणलं, तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही. दुसऱ्याचं यश पाहून पोटात दुखणं इंग्रजीत सांगितलंत, तर तो औषध सुचवेल. तिथे साधं ‘जेलस’ म्हणावं.

प्रत्येक वाक्प्रचारासोबत ओळखीच्या माणसाबद्दल एक खरं वाक्य लिहा. त्याची ठेवणही जपा: ऐनवेळी कच खाणं म्हणजे ‘गेट कोल्ड फीट’, त्यात एका पायाचं ‘फूट’ चालत नाही. थोडे दिवस गेले की इंग्रजी बाजू झाकून मराठीवरून आठवून पाहा. नुसतं पुन्हा वाचत बसण्यापेक्षा असं आठवणं जास्त टिकतं.

पायरी ५: अवयवांची क्रियापदं

संकटाला तोंड देणं म्हणजे ‘फेस’, जबाबदारी खांद्यावर घेणं ‘शोल्डर’, विभागाचं प्रमुखपद सांभाळणं ‘हेड’, वस्तू हातात देणं ‘हँड’. ही क्रियापदं कार्यालयीन पत्रातही शोभतात. ‘पुल समवन्स लेग’सारखे वाक्प्रचार मात्र गप्पांपुरते ठेवा. आणि डॉक्टरांशी बोलताना वाक्प्रचार पूर्ण टाळून पहिल्या पायरीतले नेमके शब्द वापरा: ‘लेग’ दुखतोय की ‘फूट’, ‘शिन’ की ‘काफ’.