तोंडातले जिवाणू आणि घशाचा कॅन्सर: घरी काय बघायचं, काय करायचं

माझी आत्या सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, उंबऱ्याजवळ मिश्रीची डबी. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा आणि दिवसातून चार-पाच वेळा बोटानं हिरड्यांवर घासायचा. "त्याबिगर पोट साफ होत न्हाई," हे तिचं ठरलेलं उत्तर. मग खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा उठला. औषधाच्या दुकानातून मिळालेलं जेल ती सहा महिने लावत राहिली आणि आम्हीही गप्प बसलो. ते सहा महिने मला अजून सलतात, म्हणून हे बारकाईनं लिहितोय.

आधी जिवाणूंचं. आपल्या तोंडात जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती राहू शकतात आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर उपकारकच असतात. अडचण होते ती हिरड्यांखाली कीटण साचून वेगळ्याच जातींचं राज्य सुरू झालं की. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १ लाख ६० हजार निरोगी माणसांच्या चुळीचे नमुने आधीच घेऊन ठेवले होते. पुढच्या १०-१५ वर्षांत त्यांतल्या २३६ जणांना तोंडाचा, घशाचा किंवा स्वरयंत्राचा कॅन्सर झाला. नमुने तपासल्यावर १३ जातींचे जिवाणू या धोक्याशी जोडलेले दिसले, आणि ते असलेल्यांमध्ये धोका साधारण ३० टक्क्यांनी जास्त आढळला.

याचा अर्थ जिवाणूंनी कॅन्सर केला, असा लगेच काढू नका. संबंध दिसला आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तंबाखू, सुपारी आणि दारू हीच इथली मोठी कारणं आहेत, आणि टॉन्सिलच्या भागातल्या कॅन्सरमागे बऱ्याचदा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. पण जिवाणू या कारणांना हातभार लावू शकतात. तोंडातले काही जिवाणू दारूचं ॲसिटाल्डिहाइड करतात, आणि ते कॅन्सरकारक आहे. काही जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून पुढे नायट्रोसामाइन ही कॅन्सरकारक द्रव्यं तयार होऊ शकतात. मिश्री, मावा, विडी यांत ही द्रव्यं आधीच असतात. म्हणजे डबी बाजूला ठेवली नाही तर ब्रशनं कितीही घासा, काम अर्धवटच राहतं.

पहिलं काम: आरशासमोर पाच मिनिटं

महिन्यातून एकदा, सकाळी, चांगल्या उजेडात. कवळी असेल तर काढून ठेवा. ओठ उलटून आतली बाजू बघा, मग गाल बोटानं बाहेर ओढून बघा. मिश्री किंवा मावा जिथं धरता, ती जागा सगळ्यात नीट बघा. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, जीभ टाळूला लावून खालची बाजू बघा. मग "आ" करून टॉर्चनं घसा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, बोटाला लागणारी कडक गाठ, यातलं काही आहे का? शेवटी मानेच्या दोन्ही बाजू हलक्या हातानं चाचपा.

सुपारी किंवा मावा खाणाऱ्यांनी आणखी एक करायचं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. जात नसतील तर तोंड आखडत चाललंय. आपल्याकडे माणूस कडक भाकरी चावायची सोडतो, दुधात कुस्करून खातो आणि वय झालं म्हणतो. त्याला तसं म्हणू देऊ नका.

दुसरं: मिश्री सोडवणं

हे सगळ्यात अवघड, आणि इथं रागावून काही होत नाही. आत्याला मी आधी मोजायला लावलं, दिवसात किती वेळा. मग दुपारची वेळ बंद, पंधरा दिवसांनी संध्याकाळची. तल्लफ आली की बडीशेप किंवा चार शेंगदाणे. सकाळची शेवटपर्यंत टिकली, कारण पोटाची भीती होती. ती उठल्याबरोबर गरम पाणी पिऊ लागली आणि आठ-दहा दिवसांत पोट जागेवर आलं. मदत हवी असेल तर तंबाखू सोडवण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे. चार दिवस डोकं जड होतं, चिडचिड होते. घरच्यांनी तेवढं सोसावं.

तिसरं: तोंड धुवायचं, जंतू संपवायचे नाहीत

सकाळी आणि झोपण्याआधी दोन-दोन मिनिटं मऊ ब्रश. तो हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, कारण कीटण तिथंच साचतं. जीभ हळू खरवडायची. कवळी रात्री काढून घासून ठेवायची. ब्रश करताना रक्त येत असेल तर दंतवैद्याकडून एकदा कीटण काढून घ्या; त्यानं दात हलत नाहीत, ती जुनी भीती आहे.

जंतुनाशक माउथवॉश मात्र मनानं महिनोन्‌महिने वापरू नका, त्यात चांगलेही जिवाणू जातात. घसा दुखला की उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाण्याचंही तसंच. फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आतड्याच्या कॅन्सरमध्ये नडतो असं दिसलंय, आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०२४ च्या अभ्यासात डोक्या-मानेच्या काही कॅन्सरमध्ये तो सापडलेल्या रुग्णांची स्थिती उलट बरी आढळली. विषय इतका गुंतागुंतीचा आहे, तेव्हा कुणी जिवाणूंची पावडर "कॅन्सरवर" म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

चौथं: कधी आणि कुठं जायचं

तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न जाणारा चट्टा, तेवढेच दिवस बसलेला आवाज, घास गिळताना अडकणं, मानेत गाठ, एकाच बाजूचा कान दुखत राहणं. यातलं एकही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटल आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ पासून भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही बार्शीतच चालते. जाताना चट्टा कधी दिसला, तंबाखू किती वर्षं, काय काय लावून झालं, हे कागदावर लिहून न्या. आणि तुकडा काढून तपासायचा म्हटल्यावर मागे फिरू नका, तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही.

आत्याच्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती एसटीनं एकटी जाते, आणि गेल्या खेपेला शेजारच्या दोघींना सोबत घेऊन गेली.