गारपीट-वादळानंतर फुलपाखरांसाठी काय करायचं: मोनार्कनी शिकवलेलं, आपल्या धुऱ्यावर वापरायचं

मार्च-एप्रिलात दुपारून आभाळ भरून आलं की आपल्याकडं सगळ्यांचं लक्ष काढून ठेवलेल्या हरभऱ्यावर, ज्वारीवर, आंब्याच्या मोहोरावर असतं आणि ते बरोबरच आहे, २०१४ ची फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी बघितली त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्याच गारा धुऱ्यावरच्या म्हणजे बांधावरच्या रुईवर पण पडतात, आणि त्या रुईच्या पानाखाली अंडी असतात, अळ्या असतात, कोष असतात, त्यांचा पंचनामा कोणी करत नाही. तो आपण कसा करायचा आणि नंतर काय करायचं ते इथं लिहायलोय.

सुरुवात मोनार्कपासून करतो कारण वादळ फुलपाखरांचं नेमकं काय करतं हे जगात सगळ्यात नीट अभ्यासलंय ते मोनार्कवर. हे फुलपाखरू आपल्याकडं नाही बरं का. व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात कोणीतरी केशरी फुलपाखराचा फोटो टाकून मोनार्क सापडलं म्हणतं, ते बहुतेक वेळा प्लेन टायगर नाहीतर स्ट्राइप्ड टायगर असतं. प्लेन टायगरच्या पंखाचा मधला भाग साधा केशरी, वरचं टोक काळं आणि त्यात पांढरा पट्टा. स्ट्राइप्ड टायगरच्या प्रत्येक शिरेवर जाड काळी रेघ असते म्हणून ते मोनार्कसारखं जास्त दिसतं. तिन्ही एकाच कुळातली, तिन्हींच्या अळ्या रुईच्या नात्यातल्या चिकाच्या झाडांवर वाढतात, त्यामुळं मोनार्कबद्दल जे कळलंय त्यातलं बरंचसं आपल्या कामाचं आहे.

मोनार्क काय करतं तर शरद ऋतूत कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून निघतं आणि चार हजार किलोमीटरपर्यंत उडत मेक्सिकोच्या मिचोआकान भागातल्या डोंगरात येतं, साधारण तीन हजार मीटर उंचीवर ओयामेल नावाच्या फर झाडांच्या जंगलात. तिथं नोव्हेंबर ते मार्च लाखोंच्या संख्येनं झाडांना लटकून राहतं. शास्त्रज्ञांना ही जागा सापडली ती १९७५ च्या जानेवारीत, म्हणजे अगदी अलीकडं, आणि २००८ मध्ये युनेस्कोनी तिला जागतिक वारसा म्हणून घेतलं.

आता वादळाचं. जानेवारी २००२ मध्ये तिथं आधी पाऊस झाला, फुलपाखरं भिजली, आणि लगेच पुढं आभाळ मोकळं होऊन कडाक्याची थंडी पडली. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोरडं मोनार्क शून्याखाली जवळपास ८ अंशापर्यंतची थंडी काढू शकतं, ओलं असलं तर शून्याखाली ४ अंशाच्या आसपासच निम्मी मरतात. सिएरा चिंकुआ आणि एल रोसारिओ या दोन मोठ्या वसाहतींमधली तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त फुलपाखरं त्या एका वादळात गेली. लिंकन ब्राउअर नावाच्या शास्त्रज्ञानी आयुष्यभर हेच सांगितलं की दाट जंगल फुलपाखरांसाठी गोधडी पण आहे आणि छत्री पण, झाडं तोडून वर भोक पाडलं की पाऊस पण आत येतो आणि रात्री ऊब पण निघून जाते. मार्च २०१६ ला परत वादळ आलं, बर्फ आणि जोराचा वारा, त्यात फुलपाखरं तर मेलीच पण झाडं पण आडवी झाली, म्हणजे पुढच्या वर्षांचा आडोसा पण गेला.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथं फुलपाखरं मोजता येत नाहीत इतकी असतात म्हणून ती किती हेक्टर जंगलात लटकलीत ते मोजतात. २००२ च्या त्या भयंकर वादळाच्या हिवाळ्यात, वादळाआधी, आकडा होता ९.३५ हेक्टर, आणि पुढच्याच हिवाळ्यात ७.५४. एवढी मरून सुद्धा एका उन्हाळ्यात बहुतेक भरून निघालं, कारण उत्तरेत मिल्कवीड, म्हणजे त्यांची रुई समजा, अजून भरपूर होती आणि एक मादी शेकड्यानी अंडी घालते. नंतर तिकडच्या मका-सोयाबीनच्या शेतांत तणनाशक इतकं वाढलं की शेतातलं मिल्कवीड जवळजवळ संपलं, वर टेक्सासकडचा दुष्काळ, आणि २०१३-१४ च्या हिवाळ्यात आकडा आला ०.६७ हेक्टरवर. म्हणजे वादळ एका रात्रीत मारतं हे खरं, पण मेलेलं भरून येणार का नाही ते ठरतं नंतर खायला आणि अंडी घालायला झाड आहे का नाही यावर. आणि सोयाबीन, तणनाशक हे शब्द लातूर-धाराशिव-हिंगोलीच्या माणसाला समजावून सांगायला नकोत.

म्हणून आपलं काम दोन गोष्टींचं, आडोसा ठेवायचा आणि चारा ठेवायचा. ते कसं ते आता सांगतो.

वादळाच्या आधी

सगळ्यात स्वस्त काम म्हणजे धुऱ्यावरची रुई काढू नका. ओढ्याच्या काठची, रस्त्याच्या कडेची, पडीक रानातली, जिथं पिकाला अडचण नाही तिथली राहू द्या. शेजारचे काका तणनाशकाचा पंप घेऊन धुऱ्यावर निघाले की मी दरवेळी म्हणतो काका पिकात मारा, तुमचा प्रश्न आहे, पण धुऱ्याचा तेवढा पट्टा सोडा, आणि आता ते सोडतात. रुई गारांनी झोडपली, अगदी बुंध्यापासून मोडली तरी परत फुटते, आणि ती कोवळी फूट माद्यांना अंडी घालायला आवडते. एकच काळजी, रुई तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, डोळ्याला गंभीर इजा होते, लेकरांना आधी सांगा.

काही जण नर्सरीतून लाल-पिवळ्या फुलांची हळदीकुंकू आणून लावतात. प्लेन टायगर त्यावर पण अंडी घालतं, कुंडीत लावायला वाईट नाही, पण ते बाहेरून आलेलं झाड आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात हेच झाड बागांमध्ये लावल्यामुळं मोनार्क हिवाळ्यात पुढं न जाता तिथंच अंडी घालत बसतात आणि त्यांच्यात एक परजीवी रोग वाढतो असं दिसलंय. आपल्याकडं रुई फुकट उगवते, तिलाच जपा.

रुई शिवाय अजून, कॉमन क्रो नावाचं काळपट तपकिरी, कडेला पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू असतं त्याच्या अळ्या कण्हेर, वड, पिंपळ, उंबरावर वाढतात. पिवळसर पांढरी एमिग्रंट फुलपाखरं बहाव्यावर आणि त्याच्या नात्यातल्या झाडांवर. मधासाठी कंबरमोडी पुरते, बारीक पिवळ्या फुलांची, जिला कोणी झाड म्हणून मोजत पण नाही. आणि खुळखुळा. टायगर आणि क्रो मधले नर खुळखुळ्याच्या नि भुरुंडीच्या वाळक्या भागांवर येऊन बसतात, त्यातलं कडू रसायन ते शोषून घेतात आणि त्याचाच वापर मादीला आकर्षित करायला करतात, एका झुडपावर कधी कधी इतके की फांदी दिसत नाही. बघायला शिकायचं असेल तर खुळखुळ्यापासून सुरुवात करा.

आडोशासाठी नुसतं एक झाड कामाचं नाही, थर पाहिजेत. वर कडुलिंब, चिंच किंवा आंबा, मधी बोर, कण्हेर, सीताफळ असं काही, खाली गवत आणि झुडपं. वारा सुटला की फुलपाखरं आधीच खाली उतरून पानाच्या खालच्या बाजूला उलटी लटकतात, त्यांना हवी असते वाऱ्याच्या उलट बाजूची दाट जागा. घराभोवती सगळं साफसूफ करून फरशी टाकली की तिथं ही जागाच उरत नाही. बांध जाळायची सवय असेल तर तीही सोडा, गवतातले कोष त्यात जातात.

वादळ चालू असताना

घरात बसा. खरंच सांगतो, आपल्याकडं दर उन्हाळ्यात वीज पडून माणसं आणि जनावरं जातात, फुलपाखरू बघायला कोणी झाडाखाली उभं राहू नका. दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा, जवळ वीज पडत असली तर कळतं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी थांबून मग बाहेर.

वादळानंतर

आधी आपलं शेत, जनावरं, पत्रे, पंचनामा, हे सगळं आधी. मग दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या मधी, धुऱ्यानी एक चक्कर मारा. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही कारण फुलपाखरांना उडायला अंग तापावं लागतं. ती पंख उघडून उन्हात बसलेली दिसली म्हणजे मरायलीत असं नाही, तापायलीत.

खाली पडलेलं भिजलेलं फुलपाखरू सापडलं तर पंखाला बोट लावू नका, पंखावरची पावडर म्हणजे बारीक खवले असतात, ते निघाले की परत येत नाहीत आणि पाणी झटकायचं काम तेच करतात. त्याच्या पायासमोर काडी नाहीतर बोट धरा, ते स्वतः चढतं, मग वारा लागणार नाही अशा फांदीवर कोवळ्या उन्हात ठेवा. मुंग्यांपासून लांब, हे मात्र नक्की बघा, भिजलेल्याला मुंग्या जिवंतपणी ओढून नेतात. हेअर ड्रायर, कापूस, साखरपाण्यात सोंड बुडवणं यातलं काही नको. पंखाची कड फाटलेली असली तरी त्याची आशा सोडू नका, बरंच फाटलेलं फुलपाखरू उडतं आणि अंडी पण घालतं.

रुईची पानं उलटून बघा. प्लेन टायगरचं अंडं पांढरट, एकेकटं चिकटवलेलं, अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची आणि अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला दोनच जोड्या असतात, एक पुढं एक मागं. अळी असलेली फांदी मोडून पडली असेल तर ती तशीच उचलून उभ्या रुईला टेकवून ठेवा, अळी स्वतः पलीकडं जाते. रुई पूर्ण झोडपली असेल तर घाबरू नका, उन्हाळ्यात अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, तोवर नवीन फूट आलेली असते, फक्त तेवढे दिवस कोयता आणि पंप दोन्ही तिकडं नेऊ नका.

फवारणीबद्दल. गारपिटीनंतर जखमी झाडांवर रोग येतो म्हणून फवारणी करावीच लागते, ती करू नका असं मी म्हणणार नाही. पण कीटकनाशक बुरशीनाशकात उगाच मिसळून मारू नका, किडीचा प्रश्न खरंच आहे का ते आधी बघा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान आधारित सल्ला नियमित येतो तो वाचा. मारायचं असेल तर संध्याकाळी, वारा पडल्यावर, आणि फुलावर आलेल्या धुऱ्याकडं नोझल न करता. याच्यात मधमाशांचा पण फायदा आहे आणि मधमाशा असल्या तर तुमच्याच करडईला, सूर्यफुलाला फायदा.

मोजायचं कसं

हे करणारे लोक आपल्याकडं लई कमी आहेत आणि खरी गरज इथंच आहे. दक्षिण भारतात ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं सह्याद्री आणि पूर्वेकडच्या डोंगर-मैदानात ये-जा करतात, पावसाळ्याच्या तोंडावर एप्रिल ते जूनला पूर्वेकडं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला परत पश्चिमेकडं. म्हणजे त्यांचा सगळा हिशोब पावसाच्या वेळेवर बसलेला, आणि तो पाऊसच आता अवकाळी येतो किंवा सप्टेंबर २०२५ सारखा एकदम ओततो.

तर मोकळ्या रानात एका जागी उभं राहा, समोर दोन झाडांच्या मधी एक रेघ आहे असं धरा, पंधरा मिनिटं मोबाइल खिशात ठेवून फक्त त्या रेघेवरून कुठल्या दिशेला किती गेली तेवढं मोजा. एकाच दिशेनं सरळ, न थांबता, फुलांकडं न बघता जात असतील तर ती प्रवासातली. इकडून तिकडं भिरभिरत असतील तर इथलीच. वहीत तारीख, वेळ, गाव, वाऱ्याची दिशा, आभाळ कसं होतं, आदल्या दिवशी पाऊस-गारा झाल्या का, आणि दोन्ही दिशांचे आकडे. वारा समोरून असला तर प्रवासातली फुलपाखरं खाली बसून राहतात, मोनार्क पण असंच करतं, मागून वारा मिळाला की निघतं. त्यामुळं वाऱ्याची नोंद नसेल तर आकडा कमी का आला ते नंतर कळणार नाही. शून्य आलं तरी शून्य लिहा.

एकच मोजणी कामाची नाही. तीच जागा, तीच वेळ, दर आठवड्याला, म्हणजे वादळ आलं की आधीचं नि नंतरचं ताडून बघता येतं. शाळेतली पोरं हे फार छान करतात, येडशीच्या रामलिंग अभयारण्याजवळच्या किंवा कन्नडकडच्या गौताळ्याजवळच्या गावांतल्या शाळांनी तर करायलाच पाहिजे, त्यांच्या दारात जंगल आहे. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राण्यांच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर टाका, वरून एक आणि पंख मिटलेला एक, ओळख पटायला दोन्ही लागतात. मेलेल्या फुलपाखराचा फोटो पण टाका, जिथं सापडलं तिथलाच, उचलून घरी आणून काढलेला नको, आणि खाली लिहा की आदल्या दिवशी गारा किती वाजता आणि केवढ्या पडल्या.